धवल्यातलं नाव

“सर, या आवडाबाई. इथल्याच कोळीवाड्यातल्या,” शिवदासने ओळख करून दिली, आणि स्वतःच्याच घराच्या ओटीवर तो पाहुण्यासारखा उभा राहिला.

आवडाबाईचा हात लेकाच्या गालाकडे निघाला होता. तो अर्ध्यातच थांबला. हाताला सुक्या बोंबलांचा वास होता. तिने तो पदराला पुसला. “बसा, सायेब,” ती दोघांनाही म्हणाली.

प्रोफेसर केळशीकर चटईवर बसले. खरं तर आज कोळीवाड्यातली जनी गाणार होती. तसं पत्राने ठरवूनच शिवदासने सरांना मुंबईहून मुरुडला आणलं होतं. पण जनी सकाळीच आगरदांड्याहून तरीने दिघीला लग्नासाठी गेलेली, आणि लग्नातले धवले म्हणणारी दुसरी धवलारीण गावात एकच. एस.टी. स्टँडवरच्या चहावाल्याने सरांना घर सांगून टाकलं. झालं! ‘वडील अलिबागेत शाळामास्तर,’ असं मुंबईत दोन वर्षं सांगत आलेल्या पोराला आता तोंड कुठे लपवावं ते कळेना.

पेटी-तंबोऱ्याशिवाय गाणाऱ्या बाईचा षड्ज किती हलतो, हा त्याच्या प्रबंधाचा विषय. इथे आवाज टेपवर घ्यायचा, मुंबईत त्याची कंपनं मोजायची, आकडे कार्डांवर टोचायचे आणि पुढची आकडेमोड संस्थेतल्या गणकयंत्राकडून करून घ्यायची. यंत्र काही गाणारीचं घराणं विचारत नाही. माणसं विचारतात.

सरांनी बटण दाबलं. टेपची चाकं फिरू लागली.

“नवऱ्या पोराचं नाव सांगा, नि त्याच्या आयचं,” आवडाबाई म्हणाली. “त्याबिगर धवला लागत न्हाय.”

सर हसले. “याचंच घाला, शिवदास. लग्नाचा झालाच आहे. आई मात्र बिचाऱ्याची लहानपणीच गेली. काय रे, नाव काय होतं तिचं?”

आवडाबाई शिवदासकडे बघत राहिली. तिच्या नजरेत राग असता तर त्याला बरं वाटलं असतं. ती नुसती वाट बघत होती. एक नाव तर सांगायचं होतं. खरं नाव त्याच्या ओठांवर आलंही.

“कमळ,” शिवदास म्हणाला.

“धवल्यात खोटं नाव चालत न्हाय, सायेब. देव आयकतात. खरं हाय ना?”

“हो.” शरमेने त्याचे कान पेटले होते. त्याने मान वर केली नाही.

आवडाबाईने कानावर हात ठेवला, डोळे मिटले आणि धवला लावला. मांडव आला, हळद आली, शिवदासचं नाव आलं. मग त्याच्या आईचं आलं. ते रिवाजाप्रमाणे तीनदा घ्यायचं असतं. तिने तीनदा घेतलं. कमळ, कमळ, कमळ.

“वा!” सर हरखून पुढे सरकले. “बघितलंस? नावावर येतानासुद्धा सूर तसूभर हलला नाही. लिहून घे.”

शिवदासने लिहून घेतलं.