पुढची तारीख

हरणांच्या शिकारीचा मोसम आलाय, तेव्हा पुढची तारीख मिळावी, असं शाळेचे वकील ट्रास्क सुनावणीत बिनदिक्कत म्हणाले. मागच्या खेपेला त्यांची मासेमारी होती.

टेबलाच्या टोकाला चाकाच्या खुर्चीत बसलेल्या कोरीनने नाक मुरडलं. भांडण तिच्यावरून होतं. तिचे शब्द अडखळत, ओढत बाहेर यायचे, डोकं मात्र तल्लख. पण ऐकायला सवड कुणाला? शाळेला तिला गावाबाहेरच्या 'खास' इमारतीत टाकायचं होतं. आईला, म्हणजे मार्लिसबाईंना, तिला शाळेच्या खर्चाने दूरच्या वसतिगृहात धाडायचं होतं. कोरीनला हवा होता आपला नेहमीचा वर्ग, सुतारकामाचं टेबल आणि मे महिन्यात मैत्रिणींबरोबर शाळा पास होणं. कायद्याने तिला प्रत्येक बैठकीला बोलावणं भाग होतं. बोलवायचे. हातात डोनट द्यायचे, गालाला हात लावायचे आणि तिच्या डोक्यावरून भांडायचे. शिकलेले गाढव सगळे!

कायद्यातली एकच गोष्ट तिला आवडायची. भांडण चालू असेतो मुलीला आहे त्या वर्गातून कुणी हलवू शकत नाही. भांडा मेल्यांनो, ती मनात म्हणायची.

पण आज मार्लिसबाई उखडल्या. तारखा पुरे झाल्या, आजच निकाल हवा, म्हणाल्या. ट्रास्कनी अंदाज घेतला. पारडं आपल्याकडेच झुकलंय असं वाटून त्यांनी शिकार रद्द केली आणि आजच उरकू म्हणाले. कोरीनला वाटलं, सुतारकामाचं टेबल गेलंच म्हणायचं.

सुनावणी घेणाऱ्या ओकरलुंडबाईंनी चष्मा काढला. "ते तुम्ही दोघांनी ठरवायचं नाही. परवा कोरीनला अठरा वर्षं पूर्ण झाली. कायद्याने आईचे हक्क आता तिच्याकडे आलेत. फिर्याद तिची आहे."

खोलीत पहिल्यांदाच सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं. केकवर मेणबत्त्या लावणाऱ्या आईलाही हे सुचलं नव्हतं.

"सांग बाळा," ट्रास्क गोड हसले, "तुलाही आजच सुटायचंय ना या कटकटीतून?"

"मला... बोलू... द्या."

तिने सावकाश, अगदी हवा तेवढा वेळ घेतला.

"यांना... शिकारीला... जाऊ द्या. मला... पुढची तारीख द्या. जूनमधली."