फाटकासमोरची सायकल

फाबियानने भर सकाळी गाडीने नायेलीच्या सायकलला उडवलं. ती जागीच गेली. "डोळ्यांवर ऊन आलं, पोरगी दिसलीच नाही," असं पोलिसांना सांगून तो जामिनावर सुटला.

मेक्सिकोतल्या ग्वादालाहारात अशा मेलेल्या सायकलस्वारांसाठी पांढरी रंगवलेली सायकल अपघाताच्या जागी बांधतात. नायेलीच्या बापाने, एलेउतेरिओने, ती थेट फाबियानच्या फाटकासमोरच्या खांबाला बांधली. "आता रोज बघ म्हणावं, मेल्या!"

फाबियानने ती दोनदा तोडून फेकली. एलेउतेरिओने दोन्ही वेळा दुसरी आणून बांधली. तो तिसऱ्यांदा कुलूप लावत असताना फाबियानची गावाहून आलेली म्हातारी आई बाहेर आली.

"कोणाची हो ही सायकल?"

"माझ्या पोरीची. तुमच्या लेकाने मारलं तिला. चार मार्चला, सकाळी सव्वाआठला."

म्हातारीने खांब धरला. आता ही रडणार, असं एलेउतेरिओला वाटलं. तेच बघायला तो थांबला होता. पण ती आत गेली आणि शाल अंगावर घेऊन, फोन हातात धरून परत आली.



"त्या वेळी तो गाडी चालवत व्हिडिओ कॉलवर माझ्याशीच बोलत होता. धडक ऐकून विचारलं, तर कुत्रं आडवं आलं म्हणाला. चला, पोलिसांना सांगते."