मालकाचं नाव

कारखान्याचं सांडपाणी ओढ्यात उतरलं आणि खालच्या अंगाची सगळी भाजी जळून गेली. सात शेतकऱ्यांनी कारखान्याचा पाइप दगडमातीने बुजवला, तर त्या सातही जणांना पोलिसांनी उचललं. आज त्यांना तुरुंगात अकरा दिवस झाले होते.

"पाइप बुजवणाऱ्यांची नावं गुन्ह्यात आहेत," आमदारबाई भर सभागृहात मंत्र्यांना म्हणाल्या. "मग पाइप टाकणाऱ्याचं का नाही? मालकाचं नाव सांगा."

"चौकशी चालू आहे."

"नाव सांगा."

मंत्र्यांनी शिपायाच्या हाती चिठ्ठी पाठवली. बाईंनी ती उघडली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशी वाचली, "ताई, कशाला अंगावर ओढून घेताय? बसा खाली. झाकली मूठ झाकलीच राहू द्या."

एकच गलका उठला. अध्यक्षांनी दोनदा बसायला सांगितलं, तरी बाई हलल्या नाहीत. शेवटी मंत्री भडकले, फाइल उघडून त्यांनी नाव वाचलं आणि म्हणाले, "झालं समाधान?"

सगळ्यांच्या नजरा बाईंकडे वळल्या. त्यांनी समोरचं बाक घट्ट धरलं होतं.

"नोंद झाली ना?" त्यांनी खाली बसलेल्या लेखनिकाला विचारलं. त्याने मान हलवली.

मग त्या मंत्र्यांकडे वळल्या. "आता त्या सातांना सोडा आणि याला धरा. सकाळी आठपर्यंत माझा दादा घरीच असतो. पोलीस आले की दार मी उघडीन."