नावाची मुदत

अर्नाळ्याच्या लीलामावशींचा मधू मासेमारीच्या बोटीवरून बेपत्ता झाला, तेव्हा विरारला कॉम्प्युटरचं दुकान चालवणाऱ्या जेसिकाने त्याच्या नावाची वेबसाइट काढून दिली होती. वर मधूचा फोटो, खाली, तो कुणाला दिसला तर कळवायला, मावशींचा फोन नंबर.

वेबसाइटचं ते नाव पैसे भरून रिन्यू करायला मावशी दरवर्षी यायच्या. जेसिका म्हणायची, "मावशी, एकदम दहा वर्षांचं करून टाका ना, खेपा वाचतील."

मावशी उखडायच्या. "जिभेला हाड हाय का नाय तुझ्या? दहा वरसं माझा पोर येनारच नाय काय?"

यंदा मावशी भिंत धरत धरत आल्या. जेसिकाने दहा वर्षांचा विषयच काढला नाही, फॉर्ममध्ये एक वर्ष टाकलं.

"दहाचं कर, बाय," मावशी म्हणाल्या. "आनि खालचा माझा नंबर काढ. तुझा टाक."