थ्रॉटल अडकतंय

कॉम्प्युटरच्या पडद्यावरचं विमान धावपट्टीवर टेकायला आलं आणि पुन्हा उसळलं. किर्तीने टेबलावरच्या थ्रॉटलची, इंजिनाचा जोर कमी-जास्त करायची दांडी जेमतेम बोटभर पुढे सारली होती. पण ती मध्येच अडकली आणि मग एकदम सटकली. इंजिन बोंबललं, विमानाने नाक वर केलं आणि ते शेजारच्या गवतात जाऊन आपटलं.

"परत?" मागे कॉटवर शेंगा सोलत बसलेल्या बाबांनी विचारलं.

"परत."

दसरा झाल्यापासून हे असंच चाललं होतं. ऑफिसातून आली की किर्ती सेटिंग बदलत बसायची. दांडीचा झटका कमी करून पाहिला, दांडी हलली तरी विमान हलत नाही तो डेड झोन वाढवून पाहिला, दांडीच्या मापांचं कॅलिब्रेशन पुसून पहिल्यापासून केलं. विमान कंपनीतल्या इंजिनिअरनेही केली नसेल एवढी खटपट झाली, पण दांडी ऐकायला तयार नाही. पायलटच्या मेडिकल तपासणीत कानाने दगा दिला तेव्हापासून तिला उडवायला एवढंच विमान उरलं होतं. आता तेही धड उतरेना. रडू येत नव्हतं, नुसता वीट आला होता.

"आज नाही सुधारलं तर खोक्यात भरते आणि टाकते माळ्यावर," ती म्हणाली. "बास झालं. परत नाव नाही काढणार."

बाबांनी पुढची शेंग फोडली. मोरिवलीच्या कारखान्यात जन्मभर फिटर म्हणून राबलेला माणूस. पंखा जरा कुरकुरला तरी स्टूल ओढून वर चढणारा. पण या दांडीकडे त्यांनी आठवडाभरात ढुंकूनही पाहिलं नव्हतं. शेवटी किर्तीनेच त्यांच्या पेटीतला बारीक स्क्रू-ड्रायव्हर काढला आणि थ्रॉटलचं झाकण उघडलं.

आतून लाल भुकटी सांडली. थोडी पिवळीही. दांडी सरकते त्या खाचेत अक्षतेचा एक दाणा रुतून बसला होता.

"बाबा, खंडेनवमीला याची पूजा केलीत तुम्ही?"

"केली की. पाने, पक्कड, मिक्सर, सगळ्यांची करतो. हे पण मशीनच ना?"

"अहो, पण वरून बोट लावायचं! आत काय ओतायचं असतं?"

"हात जरा सढळ पडला."

किर्तीला हसू फुटलं. बऱ्याच दिवसांनी फुटलं. तिने चिमट्याने दाणा काढला, कापसाने भुकटी पुसली, झाकण लावलं आणि बाजूचा स्क्रू थोडा सैल, थोडा घट्ट करत दांडीचा ताण जमवला. दांडी लोण्यासारखी सरकू लागली. तिने विमान वर नेलं, वळवलं, धावपट्टीसमोर आणलं. दांडी हळूहळू मागे घेतली. चाकं कधी टेकली ते कळलंही नाही.

"उतरलं! बघितलंत?" ती खुर्चीसकट वळली. "सॉलिड स्मूथ झालंय. आता रोज बसणार मी."

बाबांनी मान हलवली. पण चेहरा काही खुलला नाही. ताटातले दाणे ते उगाच इकडून तिकडे करत राहिले.

"काय हो, एवढी सढळ पूजा केलीत," किर्तीने चिडवलं, "मागितलंत काय? पोरीला पायलट कर?"

"नाही."

"मग?"

बाबांनी ताट बाजूला ठेवलं.

"तू कामावरून येतेस ती सरळ यासमोर. जेवण इथे, चहा इथे. कुणाशी बोलणं नाही की कुठे जाणं नाही. मला आपली तुझी पाठ दिसते." मग थ्रॉटलकडे बघत म्हणाले, "हात जोडले आणि म्हटलं, बये, आता माझ्या पोरीला सोड."