पाटावरचा गॉगल

हेमचंद्रांनी पाटावरचा सेफ्टी गॉगल दोन बोटांनी उचलला, मेलेलं झुरळ उचलावं तसा. गॉगलला हळदकुंकू लागलेलं होतं. त्याच्याखाली एक फॉर्म होता, त्यालाही लागलेलं होतं.

"अहो, हलवू नका," नीला म्हणाली. "पूजा झालीय. खंडेनवमीला मांडलेलं उद्यापर्यंत उचलायचं नसतं."

"दिगंबर आणि पद्मिनी येतायत दहा मिनिटांत. हे दाखवायचं त्यांना?"

दाखवण्यासारखं पाटावर बाकी पुष्कळ होतं. लॅपटॉप होता, नव्या गाडीची किल्ली होती, मेडिकलला असलेल्या थोरल्या मुलाचा, नीलचा, जुना स्टेथोस्कोप होता. मधोमध हेमचंद्रांच्या वडिलांचा मायक्रोमीटर. वडील तिकडे देशात, साताऱ्याजवळच्या एका कारखान्यात टर्नर होते, सगळी हयात लेथवर उभं राहून काढलेली. मायक्रोमीटर मात्र हेमचंद्रांनी जागचा हलवला नाही. त्याच्यावर त्यांचं भाषण चालायचं.

हेमचंद्र यंत्रांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत व्हाइस प्रेसिडेंट. जुने कारागीर रिटायर होत चाललेले, नवी पोरं कारखान्याकडे फिरकत नाहीत, म्हणून कंपनीने अप्रेंटिसशिप काढली आणि प्रचाराला यांना जुंपलं. तीन वर्षं हे गृहस्थ शाळाशाळांतून हिंडले. खिशातून मायक्रोमीटर काढायचा, आवाज जड करायचा, 'आमच्याकडे वर्षातून एकदा अवजारांची पूजा करतात' म्हणायचं. शिक्षिका टाळ्या वाजवायच्या. शाळा मात्र हेरून घेतलेल्या, मजुरांच्या वस्त्यांमधल्या. राहत्या उपनगरातल्या, शॉमबर्गच्या शाळेत, जिथे स्वतःची मुलगी जाते, तिथे ते एकदाही गेले नाहीत. शिवाजी जन्मावा, पण शेजारच्या घरात. यांना तर शेजारीही परगावचा हवा होता.

प्रत्येक भाषणाआधी घरात तालीम व्हायची. नीला फोडणीत तोंड खुपसून बसायची. सावनी तेवढी ऐकायची. चौदाव्या वर्षापासून ती बाबाचं इंग्लिश सुधारत होती, कुठे थांबायचं ते सांगत होती. आता ती सतराची होती. शाळेच्या मशीन शॉपमध्ये तिने लेथवर पितळेचा पहिला तुकडा कातला होता आणि आजोबांच्या मायक्रोमीटरने मोजला होता. मोजमापाला तो वापरणारी घरात ती एकटीच.

गॉगल तिचा, फॉर्मही तिचाच होता, त्याच अप्रेंटिसशिपचा. अठरा पुरी नसतील तर पालकाची सही लागत होती. मुदत उद्या, सोमवारी संपणार होती.

"बाबा, साइन कर ना," ती म्हणाली. "माझं डिसाइड झालंय. मला हेच करायचंय."

"वेडी आहेस का? कारखान्यात तेलाने हात बरबटून घेणार?"

"तूच म्हणतोस ना, ज्याच्या हातात कसब आहे त्याला कुणापुढे वाकावं लागत नाही? आय बिलीव्ह्ड यू."

"अगं, ते मुलांना सांगायचं असतं."

"मग मी कोण आहे?"

"तू आपली आहेस."

एवढं बोलून त्यांनी गॉगल आणि फॉर्म दाराजवळच्या चपलांच्या कपाटात टाकले. पूजेतल्या वस्तू चपलांत. नीलाने 'अगंबाई' म्हणून तोंडावर हात ठेवला, पण तीही पुढे झाली नाही. बेल वाजली.

दिगंबरकाका आले, पद्मिनीकाकू आल्या. पाटाला नमस्कार झाला, मायक्रोमीटरचं कौतुक झालं. हेमचंद्रांनी वडिलांची गोष्ट सांगितली. आवाज बरोब्बर जागेवर जड झाला.

"आणि सावनी काय घेणार पुढे?" काकांनी विचारलं.

"प्रीमेड. नीलसारखी डॉक्टर होणार," हेमचंद्र म्हणाले. सावनीने तोंड उघडायच्या आत म्हणाले.

ती उठली, चपलांच्या कपाटातून गॉगल काढला, ओढणीने पुसला आणि खोलीत गेली. फॉर्म मात्र तिने तिथेच राहू दिला. सही करणाऱ्याला तो कुठे आहे हे ठाऊक होतं.

सोमवारी हेमचंद्र ऑफिसात अप्रेंटिसशिप कमिटीचा वार्षिक अहवाल भरायला बसले. कागद उडू नये म्हणून वर वडिलांचा मायक्रोमीटर ठेवला. एकूण शाळा: एकेचाळीस. आलेले अर्ज: शून्य. पुढे 'कारण' असा एक रकाना होता. त्यांना फार विचार करावा लागला नाही.

'आजकालच्या मुलांना,' त्यांनी लिहिलं, 'हाताने काम करायची लाज वाटते.'