हिरव्या कापडाखाली

“अक्का, तुमचा बोळा पडला की विषय संपला,” असं म्हणत ड्रायव्हरनं सभेच्या खोलीचं दार त्यांच्यासाठी धरून ठेवलं.

अक्का नुसत्या हसल्या. सरकारी दवाखान्याच्या बाळंतीण वॉर्डात त्यांची उभी हयात गेली होती. मोठ्या सिस्टर म्हणून हे त्यांचं शेवटचं वर्ष, आणि नेमक्या याच वर्षी नव्या अधीक्षकांनी दवाखान्याच्या पुढच्या वाटचालीचा आराखडा काढला होता. त्यात हा जुना वॉर्ड पाडायचा होता. बाळंतिणींना अंगणापलीकडच्या नव्या इमारतीत, ऑपरेशनच्या खोलीशेजारी हलवायचं होतं.

पण अधीक्षकांच्या एकट्याच्या मनात असून भागत नव्हतं. इथं जुन्या मोठ्या डॉक्टरांनी घालून दिलेली एक रीत होती. काहीही बंद करायचं तर झाडूवाल्यापासून सर्जनपर्यंत सगळ्यांना विचारायचं. प्रत्येकाला एक कापसाचा बोळा आणि औषधाच्या बाटलीचं एक रबरी बूच मिळे. बोळा म्हणजे राहू दे, बूच म्हणजे जाऊ दे. ऑपरेशनच्या हिरव्या कापडाखाली ट्रे झाकलेला असे. मूठ आत घालायची, एक सोडायचं, उरलेलं खिशात टाकायचं. आणि ट्रेमध्ये एक जरी बोळा निघाला, तरी त्या गोष्टीला हात लावायचा नाही.

“कुणाचा जीव उगाच अडकत नाही,” असं मोठे डॉक्टर म्हणत. ते गेले, पण रीत राहिली.

“मी बाहेरून आलेला माणूस,” अधीक्षक म्हणाले. “जागा तुमची आहे. आधी मनातलं बोला, मग मत द्या.”

एवढं म्हणायचाच अवकाश. वॉर्डातल्या आयाबाई, म्हणजे सगळ्यांच्या मावशी, पदर सावरत उठल्या.

“माझ्या दोन्ही सुना तिथंच मोकळ्या झाल्या, साहेब. सकाळचं ऊन कसं अगदी पाळण्यात यायचं. तसं ऊन तुमच्या त्या काचेच्या इमारतीत येईल होय?”

“माझा तर जन्मच तिथला,” ड्रायव्हर म्हणाला. “रडत नव्हतो म्हणे. अक्कांनी पाठीवर चापट दिली.”

“आणि जो तोंड उघडून बसला, तो अजून मिटायला तयार नाही,” अक्का म्हणाल्या.

सगळी खोली हसली. मग आठवणींना पूरच आला. मूल झालं की व्हरांड्यातली पितळी घंटा वाजायची, ती ऐकून स्वयंपाकघरातली माणसंसुद्धा हातातलं काम थांबवायची. जुळं झालं तर ती दोनदा वाजवायची की एकदाच, यावरून झालेलं भांडणही निघालं. कोण रडलं, कोण पळून गेलं, कुणी नवऱ्याला वॉर्डाबाहेर ताटकळत ठेवलं, एकेक गोष्ट निघत गेली.

अक्का शेवटी बोलल्या. “या वॉर्डानं मला माणसांत आणलं,” एवढंच म्हणून त्या खाली बसल्या. मावशींनी डोळ्याला पदर लावला.

अंगणाची गोष्ट मात्र कुणीच काढली नाही. एका दुपारी वॉर्डातून ऑपरेशनच्या खोलीकडे स्ट्रेचर धावत निघालं होतं. पुढे ड्रायव्हर, सलाइनची बाटली उंच धरलेल्या मावशी, आणि अक्कांच्या हातात स्ट्रेचरवरच्या अडलेल्या पोरीचा हात. अंगणाच्या मध्यावर तो हात सैल पडला. त्या दिवशी घंटा वाजली नव्हती.

वॉर्ड गेला तर आपण इथं होतो याची खूण काय उरणार, असं अक्कांच्या मनात आलं. मग त्यांनी भोवतालचे ओलावलेले डोळे पाहिले आणि त्यांच्या जिवात जीव आला. इतकी माणसं जीव टाकतात वॉर्डावर! आता कोण त्याला हात लावतंय?

एकेक जण उठून कापडाखाली मूठ घालून आला. मावशी परत जाताना अक्कांचा खांदा दाबून गेल्या. ड्रायव्हरनं लांबूनच डोळा मिचकावला. अक्का उठल्या, मूठ आत घातली, क्षणभर थांबल्या आणि हलक्या पावलांनी जागेवर येऊन बसल्या.

“माझा आराखडा पुन्हा काढावा लागणार असं दिसतंय,” अधीक्षक हसत म्हणाले आणि त्यांनी कापड उचललं.

त्यांचं हसू मावळलं. त्यांनी बोटांनी ट्रे चाचपून पाहिला, मग सगळ्यांना दिसेल असा तिरका धरला. आत नुसती बुचं होती.

कुणी कुणाकडे पाहिना. मग एकेक मान अक्कांकडे वळली.

अक्कांनी खिशातला कापसाचा बोळा मुठीत घट्ट आवळून धरला.